गळणारे छप्पर, वाकणारे छप्पर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मे महिना शाकारणीचा. कौले उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, शेवाळ खरवडायचे, मोडक्या रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) बदलायच्या आणि मृगाच्या आत सगळे पुन्हा वर चढवायचे. २०२५ साली हा हिशेब चुकला. मोसमी पाऊस २४ मेलाच केरळात उतरला, २६ मेला मुंबईत पोचला आणि आमच्याकडे रोहिणीतच झोड लागली. माझ्या आजोळच्या गल्लीत तेव्हा निम्म्या घरांची कौले अंगणात रचलेली होती. उघड्या वाशांवर ताडपत्री ओढताना, भाताची पोती माजघरात सरकवताना घराघरांत एकच प्रश्न निघत होता, "आता हे छप्परच काढून टाकूया का?"

प्रश्न रास्त आहे. पण तो भर पावसात, वैतागलेल्या मनाने विचारला जातो आणि उत्तरही तसेच घाईत दिले जाते. आणखी पंचवीस-तीस वर्षे सहज टिकले असते असे छप्पर मोडून त्यावर कर्ज काढलेली घरे मी पाहिली आहेत. दरवर्षी चार कौले बदलून समाधान मानणारी आणि वर आढे (छपराच्या शेंड्याची आडवी तुळई) मोडत चालले आहे याचा पत्ता नसलेली घरेही पाहिली आहेत. नुसते गळते म्हणून छप्पर बदलायचे कारण नसते, बहुतेक गळत्या दुरुस्त होतात. छप्पर वाकू लागले की मात्र थांबू नये. हा फरक घरच्या माणसाला स्वतःला ओळखता येतो. एक लाईनदोरी, एक हातोडी, एक टोकदार आर (चांभाराची टोचणी) आणि दोन मोकळ्या दुपारी एवढे त्याला पुरते.

छत्री डोळ्यांपुढे आणा

छत्रीत तीन गोष्टी असतात: कापड, काड्या आणि दांडा. कापडाला भोक पडले तर ठिगळ लावतात. एखादी काडी मोडली तर ती बदलून मिळते. सगळ्या काड्या गंजल्या आणि दांडा हलू लागला, तर नवे कापड घालायला कुणी सांगत नाही.

छपराचेही तेच. कौले किंवा पत्रे हे कापड. वासे, रिपा, आढे, तुळया, कैच्या या काड्या. भिंती आणि खांब हा दांडा. (कैची म्हणजे दोन उतरते वासे आणि त्यांना खालून जोडणारी आडवी तुळई यांचा त्रिकोण. हा शब्द पुढे लागेल.) कापड फाटले की घर गळते. काड्या कुजल्या की छप्पर वाकते. दांडा खचला की छप्पर कितीही चांगले असले तरी घर उभे राहत नाही.

स्लॅबच्या घरात गोष्ट थोडी अवघड होते, कारण स्लॅबमध्ये कापड आणि काड्या एकाच थरात ओतलेल्या असतात. पाणी अडवायचे तेही काँक्रीटने आणि भार घ्यायचा तोही त्याच काँक्रीटने, त्यातल्या सळयांसह. म्हणून कौलारू घराची गळती बहुतेक वेळा कापडाचीच असते, पण स्लॅबची गळती वर्षानुवर्षे सोडून दिली तर ती काड्यांपर्यंत पोचते.

पाणी पडते तिथे भोक नसते

पहिली चूक इथे होते. पलंगावर थेंब पडला की आपण नेमके पलंगाच्या वरचे कौल बदलतो. पावसानंतर कपडे वाळत घालायची दोरी पाहा. पाणी तिच्यावर सगळीकडे पडलेले असते, पण थेंब गळतो तो झोळ पडलेल्या जागी. छपरातही पाणी आत शिरते वर, वाशावरून किंवा रिपेवरून घसरत येते आणि जिथे लाकडाला गाठ किंवा वाक असेल तिथे सुटते. म्हणून थेंबापासून वर आढ्याच्या दिशेने शोधत जायचे, एकदम डोक्यावर बघायचे नाही.

कौलारू छपरात पाणी शिरायची कारणे ठरलेली आहेत. वानरांनी उड्या मारून फोडलेली कौले (आमच्याकडे हे पहिल्या क्रमांकाचे कारण आहे), आढ्यावरच्या कोनाच्या कौलांखालचा सुटलेला चुना किंवा सिमेंट, दोन पाखी (छपराच्या उतरत्या बाजू) मिळतात तिथल्या पन्हळीत साचलेला पालापाचोळा आणि जोडाखाली भरलेले शेवाळ. शेवटचे कारण लोकांना पटत नाही. कौल वरच्या कौलाखाली थोडे सरकवलेले असते. त्या फटीत माती आणि शेवाळ भरले की ते दिव्याच्या वातीसारखे काम करते. वात तेल वर खेचते तसे हे शेवाळ पाणी उताराच्या उलट वर खेचते आणि मागच्या काठावरून आत सोडते. कौल शाबूत, तरी घर गळते. अशा वेळी नवी कौले आणायची गरज नसते. तीच कौले घासून पुन्हा बसवली की गळती थांबते.

आणखी एक फसवणूक पत्र्याच्या घरांत होते. डिसेंबर-जानेवारीत बेळगावात पहाटे चांगलेच गार असते. आतली उबदार, दमट हवा गार पत्र्याला लागते आणि पत्र्याच्या पोटाला दव धरते. सकाळी थेंब पडतात आणि माणसे म्हणतात पत्रा गळतोय. पाऊस नसताना पडणारा थेंब हा छपराचा दोष नाही. वरच्या बाजूला वारा खेळायला जागा दिली की तो कमी होतो.

कौल स्वतः मेले आहे का, हे ऐकून कळते. ते हातात लोंबकळते धरून बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत आवाज आला तर अजून बरीच वर्षे चालेल. बद्द आवाज आला तर आत चीर आहे किंवा भाजणी कच्ची राहिली आहे. पाठीवर पापुद्रे सुटत असतील तर ते पाणी पिऊ लागले आहे. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला काढला. जुन्या वाड्यांवरच्या कौलांच्या पाठीवर तो आकडा उमटलेला असतो. तो कारखान्याच्या स्थापनेचा असतो, तुमच्या कौलाच्या जन्माचा नव्हे. पण अशी खूप जुनी कौले आजही खणखणीत वाजतात. चांगले भाजलेले कौल माणसापेक्षा जास्त जगते. आमच्या खानापूरच्या मातीत कुंभारकामाची आणि कौलांची जुनी परंपरा आहे, आणि घरावरची जुनी खानापुरी कौले कुणी भंगाराच्या भावाने मागितली तर देऊ नका, असे माझे मनापासून सांगणे आहे.

तिसऱ्यांदा त्याच जागी गळले तर

कौल बदलले, गळले. पुढच्या वर्षी पुन्हा बदलले, पुन्हा तिथेच गळले. अशा वेळी कौलाला दोष देणे थांबवा. खालचा वासा बसला आहे.

यामागे साधा हिशेब आहे. कौलांवरून पाणी निथळायला उतार लागतो. आडवे दहा फूट अंतर जाताना छप्पर पाच-सहा फूट चढलेले असावे लागते. वासा मध्येच वाकला की तेवढ्या जागी उतार कमी होतो, पाणी रेंगाळते आणि जोडातून मागे शिरते. कौले एकमेकांना नीट चिकटून बसत नाहीत, फटी उघडतात. म्हणजे गळती दिसते कापडाची, दुखणे असते काडीचे. एका जागी हटून बसलेली गळती ही वाकण्याची पहिली खूण आहे आणि ती बहुतेक घरांत दुर्लक्षित राहते.

खात्री करायला अंगणात लांब उभे राहून आढ्याची रेघ पाहा. ती गाढवाच्या पाठीसारखी मध्ये खोलगट दिसते का? मग आतून, माळ्यावर चढून, वाशाच्या दोन्ही टोकांना लाईनदोरी ताणून बांधा आणि मधले अंतर मोजा. थोडा वाक जुन्या लाकडाला असतोच, त्यात घाबरण्यासारखे नाही. तो आकडा तारखेसह तुळईवरच खडूने लिहून ठेवा. पुढच्या दिवाळीत पुन्हा मोजा. आकडा तोच असेल तर लाकूड स्थिरावले आहे. वाढला असेल तर ते हरते आहे. एकदाच्या मापापेक्षा दोन मापांमधला फरक जास्त खरे सांगतो.

त्यानंतर आर घ्या आणि लाकूड टोचा. मधोमध टोचून उपयोग नाही, तिथे ते बहुधा चांगलेच असते. वासा किंवा तुळई भिंतीत शिरते ते टोक टोचा. तिथे हवा लागत नाही, भिंतीतली ओल लाकूड शोषते, वाळवी मातीतून तिथेच पहिल्यांदा चढते. वळचणीचे टोक टोचा. पन्हळीखालचे टोचा. आर पाव इंचापेक्षा जास्त सहज रुतली आणि ओढताना भुसा आला तर ते टोक गेले. एक-दोन वाशांची टोके गेली असतील तर सुतार नवा तुकडा बाजूने जोडून देतो, छप्पर बदलायची गरज नसते. पण बहुतेक वासे दोन्ही टोकांना असे झाले असतील, किंवा आढे आणि मुख्य तुळयाच पोखरल्या असतील, तर मात्र आता सांगाडा बदलायचा. कौले तीच ठेवून.

"सागवान आहे, त्याला काय होतंय?"

हे उत्तर मला प्रत्येक म्हाताऱ्या माणसाकडून मिळते, आणि त्यांच्या काळापुरते ते खरेही होते. जुन्या घरांत स्वयंपाकघरात चूल पेटलेली असे आणि तिचा धूर रोज छपरातून बाहेर जाई. त्या धुराने वासे काळे पडत, कोरडे राहत आणि किडीला ते मानवत नसे. गॅस आला, डोळ्यांची आणि फुप्फुसांची आग थांबली, हे चांगलेच झाले. पण वाशांना मिळणारा तो रोजचा औषधोपचारही त्या दिवसापासून बंद झाला, आणि त्याच्या जागी आपण काहीच केले नाही. शिवाय पुढच्या डागडुजीत घातलेला प्रत्येक वासा सागवानाचा नसतो. कधी फणसाचा, कधी निलगिरीचा, कधी हाताला लागेल तो. म्हणून प्रत्येक वासा टोचून पाहायचा, घराच्या ख्यातीवर जायचे नाही. शाकारणीला कौले उतरवलीच आहेत तर त्याच दिवशी वाळवीचे औषध लाकडाच्या टोकांना पाजून घ्यावे. पुन्हा ती टोके हाताला येतील ती वर्षभराने.

तुळई कापू नका

कैचीचे काम नीट समजले तर पुष्कळ घरे वाचतील, म्हणून इथे जरा थांबतो. दुटांगी शिडी उभी केली की तिचे पाय बाहेर सरकू बघतात. म्हणून दोन पायांमध्ये दोरी किंवा साखळी असते. उतरते वासे म्हणजे शिडीचे पाय, आडवी तुळई म्हणजे ती दोरी. माळ्यावर उभे राहायला डोके लागते म्हणून, किंवा खोली मोठी दिसावी म्हणून, तुळई कापून टाकली की वासे भिंतींना बाहेर ढकलू लागतात. हे एका दिवसात दिसत नाही. पाच-सात वर्षांनी भिंतीच्या वरच्या भागात उभी चीर दिसते, दार अडकू लागते. भिंतीला ओळंबा लावला की वरचा काठ बाहेर गेलेला कळतो. अशा घरात आधी तुळई परत घालायची, भिंत सावरायची, मगच छपराचा विचार.

अथणीकडचे माळवद आणि शहरातला स्लॅब

आपला जिल्हा पावसाच्या बाबतीत एक जिल्हा नाहीच. पश्चिमेला मलप्रभेच्या उगमाशी, कणकुंबीला, वर्षाला हजारो मिलिमीटर कोसळतो. पूर्वेला अथणीकडे सारे मिळून पाच-सहाशेच्या आसपास. म्हणून तिकडे उतरती कौले लागलीच नाहीत. सपाट माळवद पुरले. लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा चिपा, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर.

माळवद गळले की त्यावर आणखी माती टाकतात. दरवर्षी थोडी. जुनी कुणी खरवडत नाही. तीस-चाळीस वर्षांत थर दुप्पट होतो आणि तुळई मुकाट्याने वाकत जाते. मग एखाद्या वर्षी पाऊस लांबतो, सगळी माती भिजून जड होते आणि ती तुळई तुटते.

हे वाचून शहरातल्या माणसाला वाटेल, गावाकडची अडाणी पद्धत. बेळगावात शहापूरला, अनगोळला, टिळकवाडीला पन्नास वर्षांच्या स्लॅबवर आपण नेमके हेच करतो आहोत. मातीऐवजी सिमेंटने.

स्लॅब आतून कसा मरतो

नवे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते, चुन्यासारखे. त्या अल्कधर्मी वातावरणात लोखंडावर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो आणि सळई गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे काँक्रीटमध्ये मुरत जातो आणि हा चुनेपणा संपवत जातो. तो सळईपर्यंत पोचला आणि वरून पाणीही येत असेल, की गंज सुरू. स्लॅबखालच्या सळईवर काँक्रीटचे कवच साधारण २० मिलिमीटर असावे लागते, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढे. जुन्या बांधकामांत ते पुष्कळदा त्याहून कमीच निघते, कारण ओतताना सळया खाली दबल्या आणि कुणी उचलल्या नाहीत.

गंज लोखंडापेक्षा दुप्पट आणि त्याहूनही जास्त जागा मागतो. पावसात लाकडी दार फुगते आणि चौकटीला रेटते ना, तसे. सळई फुगते, खालचे काँक्रीट ढकलते, पोपडा सुटतो. म्हणून स्लॅबला पडणाऱ्या चिरा ओळखायला शिका. केसासारखी, वेडीवाकडी, इकडेतिकडे गेलेली चीर बहुधा प्लास्टरची असते. सरळ रेषेत, सारख्या अंतरावर, एकमेकींना समांतर जाणाऱ्या चिरा आणि त्यांच्या कडेला तपकिरी डाग दिसले, तर त्या सळयांच्या रेषा आहेत.

मग हातोडीच्या दांड्याने छताला खालून हळू ठोकत जा. डोक्यावर काहीतरी बांधून, डोळे जपून. भरीव आवाज आणि पोकळ आवाज यांतला फरक लहान मुलालाही कळतो. पोकळ जागांवर खडूने गोल करा. एखाद्या मोरीखाली किंवा टाकीखाली एकच गोल आला तर तेवढा भाग सोलून, सळई घासून, गंजरोधक लावून दुरुस्त होतो. खोलीभर गोलच गोल आले, सोललेल्या जागी सळई सुतळीसारखी बारीक झालेली दिसली किंवा छत मध्ये झुकलेले दोरीने मापता आले, तर स्ट्रक्चरल इंजिनियर आणल्याशिवाय पुढे जाऊ नका. तो येईपर्यंत त्या खोलीत झोपणे बंद करा आणि सेंट्रिंगवाल्याकडून टेकू आणून लावा. टेकूचे भाडे काही फार नसते.

"वर एक थर मारला की झालं!"

हे वाक्य आमच्याही घरात बोलले गेले. बेळगावातल्या घराची गच्ची गळायची. एका गवंड्याने सांगितले, कोबा मारूया. मारला. चार पावसाळे बरे गेले. पुन्हा गळले. दुसऱ्याने सांगितले, त्यावर पुन्हा एक मारूया. तोही मारला. तिसऱ्या वेळी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, आणि तो हिशेब तुम्हीही एकदा करावा.

वीस फूट बाय दहा फुटांची खोली घ्या. तिच्यावर काँक्रीटचा एक इंचाचा थर घातला तर त्याचे वजन अकराशे किलोंहून जास्त भरते. सिमेंटची २२ पोती. तीन इंचांचा थर घातला तर ६८ पोती, कायमची, डोक्यावर. वापरातल्या गच्चीवर माणसे आणि सामान मिळून चौरस मीटरला साधारण १५० किलोंचा भार येईल असे आपल्याकडच्या मानकात धरतात. तीन इंची थर एकटाच चौरस मीटरला १८० किलो होतो. म्हणजे पाहुण्यांसाठी ठेवलेली सगळी जागा थरानेच खाल्ली, आणि पाहुणे अजून यायचेच आहेत. विटांच्या तुकड्यांचा कोबा थोडा हलका, पण तो पाणी पितो आणि भिजला की जड होतो.

आम्ही दोन्ही थर काढले. खाली मूळ स्लॅब निघाला तो बरा होता. दोष एवढाच होता की पाणी पन्हाळीच्या तोंडाकडे जातच नव्हते. दहा फुटांना सव्वा इंच उतार द्यायला हवा होता, तो उलट्या दिशेला होता. जुने काढून, उतार सुधारून एकच नीट थर दिला. पाच पावसाळे झाले, गळलेले नाही. त्या दोन गवंड्यांपैकी एकानेही गच्चीवर बादलीभर पाणी ओतून ते कुठे जाते हे पाहिले नव्हते. तुम्ही आधी ते पाहा.

वॉटरप्रूफिंगच्या रसायनाबद्दलही लोक विचारतात. चांगले रसायन चांगल्या स्लॅबवर काम करते. ते छत्रीचे कापड आहे. गंजलेल्या काड्यांवर ते लावले तर पाणी दिसायचे थांबते, आणि जी एक सूचना मिळत होती तीही बंद होते.

पत्रे

लोखंडी पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. पत्र्यावर पांढरी भुकटी दिसली तर जस्त अजून लढते आहे, लाल गंज दिसला तर ते संपले. सुरुवात नेहमी स्क्रूच्या भोकांपासून आणि कापलेल्या काठांपासून होते. स्क्रूखालचे रबरी वॉशर उन्हाने आधी मरतात, ते बदलणे ही स्वस्तातली दुरुस्ती आहे. भर दुपारी दारे-खिडक्या लावून वर बघा. स्क्रूजवळ एखादी चांदणी दिसली तर स्क्रू बदला. सगळीकडे चांदण्या चमकू लागल्या तर पत्रा बदला.

पत्र्यांना पावसापेक्षा वळवाच्या वाऱ्याची भीती जास्त. वारा वळचणीखालून शिरतो आणि पत्रा वर उचलतो. म्हणून लोक वर दगड ठेवतात. कृपा करून ते काढा. पत्रा उडालाच तर दगड माणसावर येतो. खालच्या पाइपला किंवा अँगलला स्क्रू जास्त जवळ-जवळ लावा, विशेषतः कडेच्या ओळीत.

सिमेंटचे राखाडी पत्रे जुने असतील तर त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस आहे असे धरूनच चाला. त्याचे बारीक तंतू श्वासातून गेले तर कर्करोग होऊ शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले आहे. भारतात त्याचे खाणकाम बंद आहे, पण आयात केलेल्या तंतूंचे पत्रे अजून बनतात. शाबूत पत्रा शांत बसलेला असतो. धोका तो फोडताना, कापताना, भोक पाडताना. तो ठिसूळ होऊन चिरा गेल्या असतील, काठ भुसभुशीत झाले असतील तर बदलायची वेळ झाली. काढताना पाण्याने भिजवून, बोल्ट सोडवून, अख्खा खाली उतरवायचा. हातोडीने फोडून शेताच्या बांधावर टाकायचा नाही. आणि त्यावर थेट पाय ठेवून चालायचे नाही. दोन आधारांवर फळी टाकून तिच्यावर चालायचे. हे पत्रे फुटून खाली पडलेली माणसे गावोगावी आहेत.

"मग एकदाचा स्लॅबच टाकूया की!"

हा सगळ्यांत मोठा मोह. वानर नाही, शाकारणी नाही, वर मिरच्या वाळवता येतात. मला त्यातला आनंद कळतो. पण स्लॅब कशावर टाकणार?

मंगलोरी कौलांचे छप्पर रिपांसकट चौरस मीटरला ६५ किलोंच्या आसपास भरते. पाच इंची स्लॅब एकटाच ३०० किलो. त्यावर कोबा, टाकी, माणसे. गावाकडच्या जुन्या भिंती मातीच्या भेंड्यांच्या (न भाजलेल्या विटांच्या) किंवा मातीत रचलेल्या दगडाच्या. त्या पाच पट भारासाठी बांधलेल्याच नाहीत. जांभ्याच्या जाड भिंती तग धरतील असे वाटते, पण त्यांचा पाया किती खोल, जोडात माती की चुना, हे खणून पाहिल्याशिवाय कुणी सांगू नये. स्लॅब हवाच असेल तर खांब आणि पाया नवे उभारून त्यांवर टाका, भिंतींना भार देऊ नका. तेवढे बजेट नसेल तर लोखंडी कैच्या आणि जुनीच कौले, हा माझ्या मते सर्वांत शहाणा मार्ग आहे. लोखंडाला वाळवी लागत नाही, भार वाढत नाही, घर उन्हाळ्यात गार राहते.

मातीच्या भिंतीला भारापेक्षाही ओल मारते. ऑक्टोबर २०२१ मध्ये बेळगाव तालुक्यातल्या बडाल अंकलगी गावात पावसाने भिजलेल्या घराची भिंत कोसळली आणि सात जण गेले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत घरे बसली. पूर्ण पडलेल्या घराला सरकारने पाच लाख रुपये जाहीर केले, पण अशा वेळी आधीच्या स्थितीचा पुरावा हाताशी असलेला बरा. घराचे, छपराचे, भिंतींचे फोटो दर मे महिन्यात काढून मोबाइलबाहेरही कुठेतरी ठेवा. भिंतीच्या तळाला हात लावून पाहा. पावसाळा संपून दोन महिने झाले तरी ती ओलसर असेल, माती भुसभुशीत सुटत असेल, तर छपरावर एक रुपयाही घालण्याआधी ती भिंत दुरुस्त करा. अशा भिंतीच्या आडोशाला निजू नका.

काम कधी काढायचे

मेमध्ये नको. तपासणी करायची पावसाळ्यातच, गळतीच्या जागा खडूने दाखवून. दोरीचे माप दिवाळीनंतर. निर्णय डिसेंबरपर्यंत. सुतार आणि गवंडी जानेवारी-फेब्रुवारीत मोकळे सापडतात, लाकूड कोरडे मिळते, आणि काम होळीच्या आत संपते. वळीव आता एप्रिललाही येतो आणि मोसमी पाऊस मृगाचे ऐकेलच असे राहिलेले नाही.

कंत्राटदाराकडून लेखी घ्यायचे ते एवढे: जुनी कौले किती उतरवली आणि किती परत चढवली त्याची मोजणी, नव्या लाकडाचे किंवा लोखंडाचे माप, आणि काम चालू असताना भिंतींचे डोके रोज संध्याकाळी ताडपत्रीने झाकायची जबाबदारी कुणाची. शेवटची अट लोक विसरतात. छप्पर काढलेली मातीची भिंत एका वळवात जेवढी भिजते तेवढी छपराखाली दहा वर्षांतही भिजत नाही. म्हणून सगळे छप्पर एकदम उघडू देऊ नका. एक पाखे उतरवायचे, त्याचे वासे-रिपा पुरे करायचे, कौले चढवायची, कोने बसवायचे, आणि मगच मेस्त्रीला दुसऱ्या पाख्यावर शिडी लावू द्यायची.